जहाजाच्या पोटातली बिनखिडकीची खोली : ऑप्स रूममध्ये नेमकं काय चालतं?

जुना_प्लॉटर, रात्री ९:१२

मंडळी, नमस्कार. आमच्या गावची एक पोरगी नौदलात अग्निवीर आहे. यंदा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत सुट्टीवर आली होती. ओट्यावरच्या बायांनी विचारलं, "जहाजावर तू काय करतं वं?" ती म्हणाली, "ऑप्स रूममध्ये रडारवर असते." "मंग दिवसभर समुद्र दिसत असन?" "नाही काकू, तिथं खिडकीच नसते." यावर सगळ्या गप्प झाल्या. त्या रात्री पोरीचा बाप माझ्याकडे येऊन बसला. तोंडानं काही बोलला नाही, पण पोरीला कोंडून ठेवतात की काय, हे त्याच्या मनात होतं. त्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितो. आपल्या भागातून दरवर्षी पोरं भरतीला जातात. गावात लढाऊ जहाज म्हटलं की लोकांना तोफ आठवते, पण ही खोली कोणालाच ठाऊक नसते.

मी तेव्हाच्या अकोला, आताच्या वाशीम जिल्ह्यातला. १९८४ साली चिल्क्याला भरती झालो, पुढे कोचीला रडार प्लॉटिंग, म्हणजे रडारवर दिसलेलं पाटीवर मांडणं, शिकलो आणि १५ वर्षांच्या नोकरीतली बरीचशी ऑप्स रूममध्ये काढली. गोपनीय काही लिहिणार नाही. जे उघड आहे आणि जी यंत्रं केव्हाच मोडीत निघाली, त्यांच्याबद्दलच लिहितो.

ब्रिज म्हणजे जहाजाचा माळा. चारी बाजूंनी काचा, तिथून जहाज हाकतात. ऑप्स रूम त्याच्या खाली, पोटात. अमेरिकन नौदलात तिलाच कॉम्बॅट इन्फर्मेशन सेंटर म्हणतात. भर दुपारी आत गेलात तरी रात्रच. दिवे मिणमिणते ठेवतात, कारण पडद्यावरचा बारीक ठिपका डोळ्याला दिसला पाहिजे. यंत्रं तापतात म्हणून एसी इतका लावलेला असतो की मे महिन्यातही आम्ही जर्सी घालून बसायचो. कानावर हेडफोन, तोंडासमोर माइक.

रडारनं पाहिलेलं, सोनार या पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रानं ऐकलेलं, दुसऱ्याच्या रडारची लहर पकडणाऱ्या यंत्राला लागलेलं, सोबतच्या जहाजांनी वायरलेसवर कळवलेलं, ब्रिजवरच्या लुकआउटनं दुर्बिणीतून टिपलेलं, सगळं या एका खोलीत येतं. इथं त्याचं एक चित्र तयार होतं आणि त्या चित्रावरून कॅप्टन ठरवतो. लढाईच्या वेळी बहुतेक कॅप्टन ब्रिज सोडून इथंच येऊन बसतात.

माझं काम काय होतं ते सांगतो. आमच्या लिअँडर वर्गाच्या जहाजावर पर्स्पेक्सची एक उभी पारदर्शक पाटी होती. मधोमध आपलं जहाज, भोवती अंतराची वर्तुळं. प्लॉटर पाटीच्या मागे उभा राहतो. कानात बेअरिंग (दिशा) आणि रेंज (अंतर) येते, तशी मेणाच्या पेन्सिलीनं खूण करायची आणि शेजारी आकडे लिहायचे, तेही उलटे! म्हणजे पुढे बसलेल्या अधिकाऱ्याला ते सुलटे दिसतात आणि आपलं अंग मध्ये येत नाही. इंग्रजी दोन घाईत उलटा लिहिला की पाचासारखा दिसतो, त्यासाठी आमच्याकडून रात्र रात्र दोन गिरवून घेतले होते. परवा नातवाच्या शाळेत खिडकीच्या काचेवर आतून लिहून दाखवलं. पोरं व्हरांड्यात उभी राहून मोठ्यानं वाचत होती. हात अजून विसरलेला नाही.

आणि दर सहा मिनिटांनी हिशेब. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग. समोरचं जहाज सहा मिनिटांत दीड सागरी मैल सरकलं, तर वेग पंधरा नॉट, म्हणजे तासाला पंधरा सागरी मैल. तोंडी गणित, कागद लागत नाही.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट शिकवतात. दिसलं ते सांग. वाटलं ते सांगायचं असेल तर "वाटतं" असं म्हणून सांग. पंधरा वर्षांच्या नोकरीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, आणि त्यासाठीच हा धागा काढला.

धुऱ्यावरचा_गडी, रात्री ९:५०

भाऊ, लय चांगलं लिवलं. तुमचं शेवटचं वाक्य वाचून मले एक सांगाच लागते.

चार वर्साआधी म्या जागलीले होतो. रातचे बारा वाजले असन. आमच्याकडं शेतीची लाइन रातचीच येते, तुमाले मालूम हाय. तुरीत खसखस झाली. पल्याडच्या धुऱ्यावरून पुतण्या वरडला, "रोही! रोही!" (रोही म्हंजे नीलगाय.) म्या गोफण फिरवली आन दगड सोडला. थे शेजारचे बुवा होते. मोटर चालू कराले आले होते, बॅटरी विझली होती म्हणून अंधारातच चालून राह्यले होते. दगड खांद्याले लागला. पंधरा दिवस त्याइचा हात वर झाला नाई. डोक्याले लागला असता तं?

मंग पुतण्याले इचारलं, तुले रोही दिसला होता का? थो म्हणे, नाई, तूर हालतानी दिसली.

बुवाइनं माफ केलं, पण माह्या मनातून जात नाई. तुमी म्हणता थे हेच हाय ना?

जुना_प्लॉटर, रात्री १०:३१

हो भाऊ, हेच आहे. तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, फार मोठी गोष्ट केली. "तूर हालली" याला आम्ही अननोन कॉन्टॅक्ट म्हणतो, म्हणजे काहीतरी दिसलं पण ओळख नाही. "रोही" म्हणजे हॉस्टाईल, शत्रू. अननोनपासून हॉस्टाईलपर्यंत जाताना मध्ये किती पायऱ्या चढायच्या ते ठरलेलं असतं. घाई झाली की माणूस मधल्या पायऱ्या गाळतो.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण ३ जुलै १९८८ चं. पर्शियन आखातात अमेरिकेची विन्सेन्स नावाची क्रूझर होती. रडार, संगणक आणि क्षेपणास्त्रं एकत्र जोडणारी, त्या काळी जगातली सर्वांत पुढारलेली एजिस यंत्रणा तिच्यावर. त्याच वेळी इराणी बोटींशी तिची चकमक चालू होती. बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं इराण एअरचं ६५५ हे प्रवासी विमान तिच्या दिशेनं आलं. विमान वर चढत होतं. यंत्रणेच्या टेपवर तशी नोंद आहे. पण खोलीतली माणसं सांगत होती की ते खाली येतंय, वेग वाढवतंय. क्षेपणास्त्रं सुटली. २९० माणसं गेली, त्यात ६६ मुलं.

पुढच्या अभ्यासांत एक मुद्दा फार चर्चिला गेला. यंत्रणेनं त्या विमानाचा ट्रॅक नंबर, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्याला दिलेला ओळख क्रमांक, मध्येच बदलला होता आणि जुना नंबर दूरवरच्या दुसऱ्याच विमानाला गेला होता. ते दुसरं विमान खरोखर खाली उतरत होतं. जुन्या नंबरानं विचारलं तर उत्तर त्या दुसऱ्या विमानाचं येणार.

यंत्राच्या पोटात खरं होतं. ते खोलीतल्या माणसापर्यंत पोचलं नाही.

पुण्यातला_यवतमाळकर, रात्री ११:०५

काका, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून थोडी भर घालतो. हातानं प्लॉट करायची पद्धत पुरेनाशी झाली ती जेट विमानं आल्यावर. माणूस पाटीवर खूण करेपर्यंत विमान पुढे गेलेलं. म्हणून अमेरिकन नौदलानं साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच जहाजांवर संगणक बसवले आणि जहाजाजहाजांमध्ये डिजिटल लिंक जोडली. म्हणजे एका जहाजाला दिसलेला ठिपका दुसऱ्याच्या पडद्यावर आपोआप. आपल्याकडे १९८३ मध्ये गोदावरी ही युद्धनौका दाखल झाली तेव्हा तिच्यावर इटालियन बनावटीची आयपीएन-१० ही अशीच संगणक यंत्रणा होती. आता माझगाव गोदीत बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकांवर भारत इलेक्ट्रॉनिक्सची कॉम्बॅट मॅनेजमेंट सिस्टीम आहे.

पण विन्सेन्सचा दोष फक्त माहितीवर ढकलणं मला पटत नाही. जवळच असलेल्या साइड्स या अमेरिकन जहाजाच्याच कॅप्टननं पुढे जाहीर टीका केली की विन्सेन्स आधीपासून नको तितकी आक्रमक होती. लढायच्याच तयारीत असलेल्या माणसाला प्रत्येक ठिपका शत्रूचाच दिसतो. इथं नंबराची गडबड नंतरची झाली.

जुना_प्लॉटर, रात्री ११:२२

तुमचं म्हणणं मान्य. मी ते लिहायला हवं होतं. खोलीत कॅप्टनचा आवाज चढलेला असला की बाकीच्यांच्या रिपोर्टलाही तोच रंग चढतो. हे मी कवायतीतसुद्धा अनुभवलं आहे. कॅप्टन शांतपणे विचारत असला की प्लॉटरही "खात्री नाही सर" म्हणायला धजावतो.

गणिताचे_सर, सकाळी ६:४०

प्लॉटरदादा, हे शाळेत शिकवण्यासारखं आहे. घाई का होते याचं गणित मी रात्री करून पाहिलं.

पृथ्वी गोल असल्यामुळे रडारला क्षितिजापलीकडचं दिसत नाही. हवेत लहर थोडी वाकते ते धरून सूत्र असं : दोन्ही उंचींची मीटरमधली वर्गमुळं काढा, बेरीज करा, ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. डोलकाठीवरचं रडार २० मीटरवर आणि पाण्याला घासत येणारं क्षेपणास्त्र ४ मीटरवर धरलं, तर ४.४७ अधिक २, गुणिले ४.१२, म्हणजे जेमतेम २७ किलोमीटर. क्षेपणास्त्र सेकंदाला ३०० मीटर वेगानं येतंय. सुमारे ९० सेकंद!

दीड मिनिट. आपण मोटरचं स्टार्टर दाबल्यावर पाणी पाटाच्या टोकाला पोचतही नाही तेवढ्या वेळात ते बघायचं, ओळखायचं, कॅप्टनला सांगायचं, परवानगी घ्यायची आणि उत्तर द्यायचं. ध्वनीपेक्षा तिपटीनं वेगवान असलं तर अर्धं मिनिटसुद्धा धड मिळत नाही.

जुना_प्लॉटर, सकाळी ७:१५

सर, गणित चोख. म्हणूनच नौदल रडार वर नेतं. आपल्याकडे कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर आहे, त्याच्या पोटाखाली रडारची मोठी पाटी उघडते. तुमच्याच सूत्रात २० ऐवजी ३००० मीटर घालून बघा, क्षितिज सव्वादोनशे किलोमीटरच्या पलीकडे जातं. रडारमध्ये तितकी ताकद हवी, हा भाग वेगळा.

दीड मिनिटाचीच गोष्ट आहे म्हणून सांगतो. ४ मे १९८२, फॉकलंडचं युद्ध. ब्रिटिशांच्या शेफील्ड विनाशिकेला एक्झोसेट क्षेपणास्त्र लागलं, २० जण गेले. शेजारच्या ग्लासगो जहाजानं विमानं ओळखून इशारा दिला होता. पण आधीच्या दिवसांत तसे इशारे खोटे ठरले होते, त्यामुळे शेफील्डच्या खोलीत तो कोणी मनावर घेतला नाही. हवाई हल्ल्यापासून बचावाची जबाबदारी असलेला अधिकारी त्या वेळी ऑप्स रूममध्ये नव्हता. शेफील्डचं स्वतःचं लहर पकडणारं यंत्र उपग्रहाच्या संदेशवहनामुळे तेवढ्या वेळापुरतं बहिरं झालं होतं.

विन्सेन्समध्ये नसलेला शत्रू दिसला, शेफील्डमध्ये असलेला दिसला नाही. आमच्या वेळच्या प्रशिक्षणात मास्टरचीफ या दोन्ही टोकांबद्दल तळमळीनं बोलायचे.

महसूलवाली, सकाळी १०:०८

जहाजाबद्दल मला काही कळत नाही, पण नियंत्रण कक्ष कळतो. ऑगस्ट २०२० चा वैनगंगेचा पूर आठवतो ना? गोसीखुर्द धरणाचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडले होते. मी तेव्हा एका तालुक्याच्या पूर नियंत्रण कक्षात फोनवर होते. दोन टेबलं, तीन फोन, भिंतीला पांढरा बोर्ड. गावागावांतून कोतवाल, पोलीस पाटील, सरपंच फोन करत होते आणि ज्याच्या हाती मार्कर येईल तो बोर्डवर लिहीत होता.

संध्याकाळी बोर्डवर एका गावापुढे कोणीतरी लिहिलं, "पाणी पुलाला लागलं". बोट तिकडे पाठवली. तो निरोप दोन तासांपूर्वीचा होता आणि तिथली माणसं तोवर स्वतःच उंचावर निघून गेली होती. खाली दुसऱ्या गावात खरी गरज होती. तिथलं एक म्हातारं जोडपं रात्रभर घराच्या स्लॅबवर पावसात बसून राहिलं. सकाळी सुखरूप काढलं, पण त्या आजीचे थंडीनं काळेनिळे पडलेले ओठ मला अजून दिसतात.

त्या बोर्डवर वेळेचा रकानाच नव्हता. तुमच्या काचेवर असतो का?

जुना_प्लॉटर, सकाळी ११:३०

ताई, वाचून अंगावर काटा आला.

असतो. प्रत्येक खुणेशेजारी मिनिटं लिहायचीच. कॉन्टॅक्ट ठरावीक वेळात पुन्हा दिसला नाही तर तो जुना झाला असं मोठ्यानं सांगायचं आणि पुसायचा. जुनी खूण ताजी समजणं हे खूण नसण्यापेक्षा वाईट. दुसरं म्हणजे, पाटीवर लिहिणारा माणूस एकच. बाकी कोणी पेन्सिलीला हात लावत नाही. तुमच्या कार्यालयात पुढच्या पावसाळ्याआधी बोर्डवर तीन रकाने आखून घ्या : निरोप कोणाचा, किती वाजताचा, आणि त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

ही खोली तरी कुठून जन्मली? १३ नोव्हेंबर १९४२ ची रात्र, पॅसिफिकमधलं ग्वादलकनाल बेट. काळोखात अमेरिकन आणि जपानी जहाजं अक्षरशः एकमेकांत घुसली. नवीन जातीचं चांगलं रडार काही अमेरिकन जहाजांवर होतं, पण हुकूम देणाऱ्या ॲडमिरलच्या जहाजावर नव्हतं. दिसत होतं एकाला, ठरवत होता दुसरा. त्या गोंधळात फ्लेचर नावाची एक विनाशिका मात्र ओरखडाही न उमटता बाहेर आली. तिचा कॅप्टन कोल ब्रिजवर होता आणि त्याचा दुय्यम अधिकारी जोसेफ वायली खाली रडारच्या पडद्याशी बसून फोनवरून त्याला सतत चित्र सांगत होता. त्याच महिन्यात ॲडमिरल निमिट्झनं सगळ्या जहाजांवर अशी खोली करायचा हुकूम काढला आणि पुढच्या वर्षी विनाशिकांसाठी जी पुस्तिका निघाली तिच्या लेखनात हाच वायली होता.

कान_पाण्यात, दुपारी १:५५

प्लॉटरसाहेब, जय हिंद. मी बुलढाण्याकडचा, सोनारवाला. आमच्याबद्दल दोन शब्द लिहू द्या.

रडारला निदान सरळ दिसतं. पाण्यात आवाज सरळ जातच नाही. पोहायला विहिरीत उडी मारली की वरचं पाणी कोमट आणि कमरेखालचं गार लागतं ना? समुद्रातही असेच थर असतात. थर बदलला की सोनारची लहर वाकते, आणि पाणबुडी नेमकी त्या वाकणाच्या सावलीत लपते. आम्ही डोळे मिटून ऐकत बसायचो. कोळंबीची कडकड, लांबच्या मालवाहू जहाजाचा पंखा, पावसाचे थेंब. त्यातून वेगळं काही आलं तर "पॉसिबल सबमरीन" म्हणायचं. खात्री वाढली तर "प्रॉबेबल". प्रत्येक शब्दाला वजन ठरलेलं.

९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीनं आपली खुकरी युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दरवर्षी त्या दिवशी मी शेतात असलो तरी दोन मिनिटं उभा राहतो.

धुऱ्यावरचा_गडी, दुपारी ३:२०

भाऊ, त्या पोरीचा बाप माह्या वळखीचा निंघाला. थ्याच्याजवळ हा धागा वाचून दाखोला. थो म्हणते, तिले इचारा, झोप भेटते का? आन अंधारात बसून डोळे खराब होतीन का?

जुना_प्लॉटर, दुपारी ४:४५

त्यांना सांगा, काळजी करू नका. जहाजावर दिवस चार-चार तासांच्या पाळ्यांत वाटलेला असतो. रात्री आठ ते बारा, बारा ते चार, चार ते आठ, असं. फक्त संध्याकाळी चार ते आठचे दोन तुकडे करतात, त्यांना डॉग वॉच म्हणतात. त्यामुळे पाळ्यांची संख्या विषम होते आणि रोज एकाच माणसाच्या माथी मध्यरात्र येत नाही. शेकडो वर्षांची जुनी युक्ती आहे ही. पडद्यासमोरही एकालाच बसवून ठेवत नाहीत. आमच्या वेळी थोड्या थोड्या वेळानं जागा बदलायचो, कारण थकलेला डोळा ठिपका बघतो पण मनापर्यंत नेत नाही.

झोप कमीच मिळते, हे खोटं सांगणार नाही. पण मध्यरात्रीच्या पाळीत दीड-दोनशे माणसं खाली निजलेली असतात आणि तुम्ही तीन-चार जण त्यांच्यासाठी जागे असता. आपल्याकडे खळ्यावर सगळ्यांचा माल पडलेला असताना एक जण जागतो, तसं. कोंडल्यासारखं मला एकदाही वाटलं नाही. उलट वर ब्रिजवरच्या माणसाला बारा-पंधरा किलोमीटरवरचं दिसतं, आम्हाला त्याच्या कितीतरी पुढचं. खिडकी नसलेल्या त्या खोलीतून मी जितका समुद्र पाहिला तितका डेकवरून नाही पाहिला. त्यांच्या पोरीलाही हे एव्हाना कळलं असेल. बोलायला शब्द सापडले नसतील एवढंच.

गणिताचे_सर, सायंकाळी ६:१०

दादा, दहावीच्या पोरांसाठी एखादं गणित द्या. उद्या पहिल्या तासाला घालतो.

जुना_प्लॉटर, सायंकाळी ६:२५

घ्या. ठीक २ वाजता एक जहाज बेअरिंग झिरो फोर फाइव्ह (४५ अंश), रेंज १२ सागरी मैल. २ वाजून ६ मिनिटांनी बेअरिंग तेच झिरो फोर फाइव्ह, रेंज साडेदहा. कोणीच काही बदललं नाही तर पुढे काय होईल, आणि कधी?

गणिताचे_सर, दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३०

वर्गात बराच गोंधळ झाला. बहुतेकांनी वेग काढला, पंधरा नॉट. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं बोट वर केलं. म्हणाली, "सर, बेअरिंग बदलत नाही आणि अंतर कमी होतं, म्हणजे ते सरळ आपल्यावर येतं. साडेदहा मैल राहिले, सहा मिनिटांत दीड मैल, म्हणजे आणखी ४२ मिनिटांनी, २ वाजून ४८ मिनिटांनी टक्कर." मग थोडं थांबली आणि म्हणाली, "पण सर, ते पंधरा नॉट त्याचा एकट्याचा वेग नाही. आपण पण चालत असू तर दोघांचा मिळून आहे. त्याचा किती ते आपल्याला माहीत नाही."

जुना_प्लॉटर, दुपारी १२:४१

तिला माझ्याकडून शाबासकी सांगा. पहिलं उत्तर मी शिकवलं असतं. "माहीत नाही" हे तिनं आपणहून सांगितलं. रविवारी शाळा उघडी ठेवाल का? मेणाची पेन्सिल घेऊन येतो, खिडकीची मोठी काच पुसून ठेवा.